एक वीत खाली

क्वार्टर गेटजवळ माझं फ्रेमचं दुकान.
गणपती, साईबाबा, निळ्या कोटातले बाबासाहेब,
लग्नातली जोडपी, वारलेले सासरे,
सगळ्यांच्या लाकडाला एकाच करवतीनं
पंचेचाळीस अंशांचा काप.

रोममध्ये म्हातारे पोप गेले, तेव्हा फादर लुकासनी
हॉलमधला त्यांचा फोटो उतरवून पाठवला.
'फ्रेम चांगली आहे, सिल्वेस्टर. नवे आले की आतला कागद बदल.'
भिंतीवर फिकट चौकोन राहिला.
बाकीची भिंत किती मळली होती
ते त्या चौकोनानं सांगितलं.

त्या रविवारी मिस्सात
'आमचे परमगुरुस्वामी' म्हणायच्या जागी
फादरांनी श्वास घेतला
आणि थेट महागुरुस्वामींच्या नावावर गेले.
एवढीच फट. दातात सुपारी अडकावी तेवढी.
मी वाट पाहिली.
पंखा कुरकुरत फिरत राहिला.
ख्रिस्तशरीर जिभेवर तसंच विरघळलं.
बाहेर पार्किंगवरून नेहमीची भांडणं झाली.

या शहराला तशी रिकाम्या गादीची सवय आहे.
देवळाची ही जागासुद्धा पेशव्यांनी दिली म्हणतात.
पेशवे गेले. त्यांचा वाडा आता तिकीट काढून बघायचा.
आमची घंटा मात्र रोज होते.

किल्ल्यांचं म्हणाल
तर पेत्राला स्वर्गाच्या किल्ल्या मिळाल्या, मला पाठ आहे.
पण डिसेंबरात पहाटे साडेपाचला
स्वेटरवरून पदर ओढून दार उघडते
ती फिलोमिना वाघचौरे.
जुडग्यातली एक किल्ली वाकडी आहे,
ती किती दाबून फिरवायची हे तिलाच ठाऊक.
तिला कुणी निवडलं? कुठल्या धुराड्यातून
कुठला धूर निघाला होता?

माझी एलिझा ससूनमध्ये होती शेवटचे अकरा दिवस.
सिस्टर पेत्रोनेला दोन बस बदलून यायच्या,
डब्यात पेज,
छोट्या पितळी डबीत प्रभू.
अकराही दिवस.

पण थांबा, आजोबांचंही ऐकायला हवं.
संगमनेरकडे त्यांच्या गावात
पाटलाच्या दारावरून ते चपला हातात घेऊन जायचे.
घोड्यावरून एक जर्मन पाद्री आला, मोडकं मराठी बोलायचा.
म्हणाला, समुद्रापलीकडे एक जण आहे,
राजे त्याच्यापुढे वाकतात,
आणि तो तुझ्यासाठी गुडघे टेकतो.
आजोबांनी चपला घातल्या.
त्यांना पाटलाच्या वर कुणीतरी पाहिजे होतं.
हसू नये कुणी त्याला.
मी त्या चपलांवर चालत पुण्यात आलोय.

सिसिलिया, माझी लेक, रात्री भाकरी थापताना म्हणाली,
'बाबा, पाटीलच नको म्हणून निघालो होतो ना आपण?
मग सगळ्यात उंच पाटील कशाला धरून बसलोय?'
मी म्हणालो, अगं, एवढं मोठं जग,
कुणीतरी एक वर लागतोच, नाहीतर पांगापांग.
बोललो आणि घास अडला.
हे वाक्य माझं नव्हतं.
आजोबा सांगायचे, गावच्या चावडीत
अगदी हेच म्हणायचे लोक.
तिनं काही न बोलता भाकरी उलटली.

नवा फोटो आला. सोळा बाय वीस, चकचकीत.
चेहरा हसरा, थोडा दमलेला.
दोष त्या माणसाचा नाही.
मी काच पुसली, चुका ठोकल्या,
हॉलमध्ये जाऊन स्टुलावर चढलो.
जुना खिळा होता जागेवर.
तो उपटला.
नवा ठोकला, एक वीत खाली.

'वाकडा नाही ना?' फादरांनी खालून विचारलं.
'सरळ आहे,' मी म्हणालो.
वर वीतभर फिकट पट्टी उरली होती.
फिलोमिना झाडू थांबवून बघत होती तिकडे.
मग म्हणाली, 'आता दिसतोय की नीट चेहरा,'
आणि मी उतरताच
स्टूल उचलून घेऊन गेली.